सकाळचं बटन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तसं सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय — प्रोग्राममधली एक ओळ लिहायची राहिली होती. बस. दोन वर्षं मी स्वतःला हेच समजावत आले.

मी भोकरदनची. पुण्यात शिकले, तिथे काही दिवस नोकरी केली आणि परत येऊन जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कारखान्यात लागले. तिथे मक्याची कणसं गरम हवेवर वाळवतात. हवा जास्त तापली तर दाणा दिसतो तसाच, पण आतून मरतो — पेरला तर उगवत नाही. म्हणून ड्रायरच्या तापमानावर सतत लक्ष लागतं. ते काम हमीदचाचांचं. बावीस वर्षं ते तासातासाला काट्यावर बघून वहीत आकडा लिहीत होते. ती वही मी बंद केली. ड्रायरला एक छोटी पेटी बसवली; ती तापमान मोजून सर्व्हरला पाठवणार, आकडा ऑफिसच्या स्क्रीनवर दिसणार, हवा तापली की सगळ्यांच्या मोबाईलवर इशारा जाणार. चाचांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता तूच बघ.

सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा भाग, मी स्वतः लिहिली होती. तयार मिळतात, हव्या तेवढ्या मिळतात — पण मला दाखवायचं होतं ना, मी काय चीज आहे ते. काम तसं सोपं. प्रोग्राम आधी एक सॉकेट तयार करतो, म्हणजे बाहेर बोलायला एक दार उघडतो म्हणा, आणि मग ते सर्व्हरला जोडतो. जोडणी फसली तर ते दार लावायचं आणि नवं उघडायचं. मी नवं उघडत होते. जुनं लावतच नव्हते. पुण्यात हे लक्षातही आलं नसतं. तिथे नेट सहसा जायचं नाही. आमच्याकडे दिवसातून दहादा जातं. दर वेळी फसलेली सॉकेटं उघडीच राहायची, आणि एका प्रोग्रामला मिळतात तेवढी संपली की पेटी मुकी व्हायची. इशारा नाही, काही नाही. स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच.

हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ऐकताय ना? कळलं होतं.

मग दुरुस्त का केलं नाही? मॅनेजर साहेब येईल त्या पाहुण्याला ती स्क्रीन दाखवत होते, माझं नाव सांगत होते. त्यांच्यासमोर जाऊन चूक माझी आहे म्हणायचं? त्यापेक्षा मी चाचांना म्हटलं, रोज सकाळी आल्या-आल्या पेटीचं बटन बंद करून चालू करत जा, मशीनला बरं असतं. बंद केली की सगळी सॉकेटं सुटायची, दिवस निघायचा. चाचांनी का म्हणून विचारलं नाही. वर्षभर ते रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून बटन दाबत राहिले.

रमजान ईदच्या आदल्या दुपारी त्यांचा फोन आला. "उद्या ईद हाय, बेटा. मी यायलो न्हाई. सकाळी बटन कोण दाबणार?"

मी म्हटलं, "एका दिवसानं काही होत नाही, चाचा. ईद करा."

ईदच्या दिवशी दहाच्या सुमारास आकडा एकोणचाळीसवर थांबला. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीसच. बदलीवरच्या माणसानं स्क्रीनवर भरवसा ठेवला — का ठेवू नये त्यानं? आत हवा तापत गेली. पुढच्या आठवड्यात उगवण चाचणीचा निकाल आला. ओल्या कागदावर दाणे ठेवले होते तसेच पडून होते.

मीटिंग झाली. त्या दिवशी बटन का दाबलं गेलं नाही, कुणाला सांगून का गेला नाहीत, असं साहेबांनी चाचांना विचारलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं. चारचौघात ते मला म्याडम म्हणायचे. फोनबद्दल अवाक्षर काढलं नाही, एवढंच म्हणाले, "म्याडमला माहीत हाय."

मला बोलायला जागा करून दिली होती त्यांनी. आणि मी — मी म्हटलं, "मी पहिल्यापासून सांगितलंय, बटन रोज दाबायचंच."

यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणून तर कुणी पुढे काही विचारलं नाही. चाचांना ड्रायरवरून काढून गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. मला उलट त्यांचाच राग आला. का नाही बोलले ते? तोंड नव्हतं का त्यांना? पण त्यांनी बोलायचं म्हणजे मला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं. ते त्यांना जमलं नाही. मी बोलेन, अशी त्यांना खात्री होती. दगा यालाच म्हणतात ना?

हे सांगायचं होतं, असं तुम्हाला वाटेल. नाही. खरं सांगायचंय ते याच्या पुढचं.

महिन्याभरानं मी गेटवर सही करत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. चाचांनी हळूच विचारलं, "ईदच्या आदल्या दिवशी मी तुला फोन केल्ता ना, बेटा? का मलाच तसं वाटून राह्यलं?"

त्यांना भांडायचं नव्हतं. आपलं डोकं जाग्यावर आहे ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या मोबाईलमध्ये तो कॉल राहिला नव्हता — मीटिंगच्या आधीच मी तो पुसला होता.

मी म्हटलं, "आठवत नाही, चाचा."

त्यांनी मान हलवली. पुढे थोड्याच दिवसांत काम सोडलं. त्यांचा मुलगा भेटला तेव्हा सांगत होता, अब्बा आता घरातून निघताना कुलूप लावलं का ते चार-चारदा बघतात. स्वतःवर भरवसाच राहिला नाही त्यांचा, म्हणाला.

ती राहिलेली ओळ मी मीटिंगच्या संध्याकाळीच लिहून टाकली होती. जोडणी फसली तर सॉकेट बंद कर. समोरचा चहा गार व्हायच्या आत झालं. आता पेटी महिनोन् महिने चालते. बटनाला हात लावायची गरज नाही.

नवे ऑपरेटर मात्र रोज सकाळी ते दाबतात. जाण्याआधी चाचांनीच त्यांना बजावलंय — एक दिवस चुकवू नको, मी चुकवला होता. आता गरज नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर कधीपासून, असं कुणीतरी विचारेल. ते बटन दाबतात, हिरवा दिवा लागतो आणि मी माझ्या कामाला लागते.