करंगळी

वर्गात मुलाने करंगळी वर केली की त्याला लघवीला जायचंय, हे कुणाला सांगावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या मागेपुढे मी खालापुराकडच्या एका शाळेत बाई होते. जीभ तिखट. तास चालू असताना करंगळी दिसली की माझं ठरलेलं, "मधल्या सुट्टीत काय दिवे लावत होतास?" वर्ग हसायचा आणि मलाही बरं वाटायचं.

नववीतला एक मुलगा रोज तासालाच करंगळी वर करायचा, सुट्टीत कधी जायचा नाही. त्याने दहावीतल्या एका मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'तू आला नाहीस की मला शाळेत करमत नाही. मला तू आवडतोस.' ती वही शाळाभर फिरली. तेव्हापासून त्याला नावाने कुणी हाक मारली नाही, बायल्याच म्हणायचे. वही शिक्षकांच्या खोलीतही आली. आम्ही वाचली, हसलो. वय वाढलं की खूळ जाईल, असं कुणीतरी म्हणालं.

मुतारीत चार-पाच पोरं त्याच्यासाठी थांबायची, चड्डी ओढायची, बुकलायची. हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर आधीच कळलं असतं. मी विचारलं नाही, नुसती नाही म्हणत गेले. आठवड्याभरात त्याने करंगळी वर करणं सोडलं. मला वाटलं, चला, वळण लागलं.

मग एक दिवस त्याची आई शेतावरून तशीच शाळेत आली, पायांना चिखल. "बाई, घरी आला का आधी तांब्याभर पानी पितो, मंग बोलतो. शाळंत पानी नाय काय?"

जायला लागू नये म्हणून पोर दिवसभर पाणीच पीत नव्हतं. एवढं साधं गणित मला सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्याला माठापाशी उभं केलं. "आईला घोर लावतोस होय रं?" म्हणत दोन पेले माझ्यासमोर प्यायला लावले. सुट्टीआधीचा तासही माझाच होता. करंगळी वर झाली.

"दहा मिनिटं राहिलीत. कळ काढ."

त्याने हात खाली घेतला. घंटा झाली.

मुतारीत त्यांनी त्याला ढकललं. डोकं दगडी पायरीवर आपटलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. 'पाय घसरून पडला' असं कागदावर लिहिलं गेलं आणि आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या. अळीमिळी गुपचिळी. माझीही सही त्यात आहे, चांगली वळणदार. तिची मला आजही लाज वाटते.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी रोज मधल्या सुट्टीत मुतारीच्या दाराशी उभी राहिले. सोबतचे मास्तर मला 'मुतारीच्या बाई' म्हणायचे. म्हणोत. तासाला करंगळी दिसली की मान हलवायची, कारण विचारायचं नाही. त्या दाराआड पुन्हा कुणी मार खाल्ला नाही. इतकं सोपं होतं ते.

तो गेला तेव्हा, त्याचं दिवसकार्य झाल्यावर, त्याची आई दप्तर न्यायला आली होती. दप्तर पोटाशी धरून म्हणाली, "बाई, त्या दिवशी तरी पानी प्याला का हो?"

"प्याला. दोन पेले."

"मंग तहानेला नाय गेला," ती म्हणाली, आणि तिने मला हात जोडले.