पिंजऱ्यातली खाज

कुत्र्यांचे किस्से सगळेच व्हेट सांगतात. माझ्याकडे मात्र गिनी पिगचे जास्त जमलेत, आणि मी काही ते मुद्दाम जमवले नाहीत. संध्याकाळी दवाखान्यात झाडू मारला की टेबलाखालून केसांचे पुंजके निघतात ना, तसे ते निघत राहतात. जेवायला बसल्यावर कुणी "काही मजेदार सांग ना" म्हटलं की मी सुरू करते. पहिल्या किश्शाला लोक हसतात. पुढे पुढे ताट बाजूला सारतात!

मुळात गिनी पिगला खरूज होते हेच आमच्या भिलाईत, इकडे छत्तीसगडात, कुणाला पटत नाही.

राऊतकाका इथल्या स्टील प्लांटातून रिटायर झालेले, माझ्या बाबांचे जुने ओळखीचे. मुळात दोघंही भंडाऱ्याकडचे. बास्केटमधून गिनी पिग घेऊन आले. पाठ आणि खांदे उघडेबोडके, वर पिवळट खपल्या, हात लावला की किंचाळायचा.

"गरमी होऊन राहिली त्याले," काका म्हणाले. "म्हनून केसं टाकून राहिला. मी त्याच्यासमोर कूलर लावून देल्ला."

"काका, ही गरमी नाही. खरूज आहे. बारीक किडे असतात, कातडीत शिरतात."

"अन् मले कावून नाई दिसत मंग?"

खपली खरवडून स्लाइडवर घेतली. बरेचदा काहीच सापडत नाही, लक्षणं पाहूनच औषध द्यावं लागतं. त्या दिवशी मात्र किडा लगेच सापडला. काकांना म्हटलं, बघा. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"पाय हायेत याले!"

"हो."

"चालून राहिला!"

"हो ना, काका."

काकांनी डोळा बाजूला घेतला, मायक्रोस्कोप वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तुमची मशीन एकदा साफ करून घ्या!"

जामुलहून एक कुटुंब आलं. वडील सिमेंटच्या कारखान्यात, सोबत आठवी-नववीतली मुलगी. गिनी पिगचं नाव रॉकी. रॉकीचे केस गळत चालले होते, पण वडिलांना त्याआधी दुसरंच काही दाखवायचं होतं.

"डान्स करते ना हा! पोरीनं रील टाकली त्याची, लय चालली. पाहा."

मोबाइलवर मुलीचं बोट रॉकीच्या पाठीवर फिरत होतं. रॉकीचा मागचा पाय थडथड उडायचा, मग तो आडवा पडून चारही पाय झाडायचा. खाली गाणं. मागं घरातल्या सगळ्यांचं हसणं.

मी टेबलावरच्या रॉकीच्या पाठीला नुसतं बोट टेकवलं. तो आडवा पडला, मान मागं गेली, डोळे थिजले. थोड्या वेळानं भानावर आला.

"हा डान्स नाही," मी म्हटलं. "खाज आहे. इतकी भयंकर की त्याला झटके येतात."

वडील गडबडले. "मंग डान्स बंद झाला, का औषध लागू झालं समजाचं?"

"हो, तसंच समजा."

मुलगी घरात मराठी बोलत असावी, बाहेर नाही. ती वडिलांच्या शर्टाला धरून उभी होती. तिनं मला हिंदीतच विचारलं, "मैडम, ये इतने दिन से रो रहा था क्या?"

ती रील तिनं तिथंच, माझ्यासमोर डिलीट केली. त्यानं रॉकीला काही फरक पडणार नव्हता.

उतईच्या एक बाई महिन्याभरात पुनःपुन्हा यायच्या. गिनी पिग बरा व्हायचा, परत खाजवायला लागायचा. मी वैतागून विचारलं, "पिंजऱ्यात अजून कोणी आहे का?"

"एक हाय. पन तो माहा नाई, माह्या जावेचा हाय."

"एकाच पिंजऱ्यात?"

"पिंजरा सासूबाईचा हाय."

"अहो, मग दोघांनाही एकाच वेळी औषध द्यावं लागेल! खालचं गवत-बिवत फेकून पिंजरा गरम पाण्यानं धुवावा लागेल. नाहीतर हे असंच चालणार."

"जाऊ नाई आनू देत. म्हनते, माह्याले काई नाई, तुह्यानंच रोग आनला. आमी बोलत नाई एकमेकीसंगं."

शेवटी जाऊ लग्नाला गेली तेव्हा बाईंनी दोघांनाही पिशवीत घालून आणलं. दोघांनाही इंजेक्शन दिलं, म्हटलं आता सुटलो! दोन दिवसांनी दुसऱ्याच एक बाई पिशवी छातीशी धरून आल्या.

"मॅडम, माह्या जावेले सांगू नका. माहावाला बी खाजवून राहिला. सुई देऊन टाका एक."

पिशवीतून गिनी पिग काढला. अर्धा काळा, अर्धा पांढरा, एक कान फाटलेला. मी ओळखलाच. पुन्हा डोस दिला असता तर जीवावर बेतलं असतं.

"याला नाही देता येणार. हा परवाच येऊन गेलाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, गिनी पिगकडे पाहिलं.

"एकटा?"

कुम्हारीचा एक जण बाइकवरून आला. टॉवेलात गिनी पिग, तोंडातून फेस, अंग थरथरतंय. कसला तरी उग्र वास.

"काय लावलं याला?"

"कुत्र्याच्या गोचिडाचं औषध. आमच्या कुत्र्याले मस्त लागू झालं होतं."

हा प्राणी किती लहान आणि अंगाला लावलेलं कसा चाटतो, हे समजावण्याइतकाही वेळ नव्हता. मी त्याला कोमट पाण्यात धरलं, धूत राहिले. टेबलावर घेतला तेव्हा तो गेलेला होता.

त्या माणसानं टॉवेल गोळा करून काखेत धरला. मग म्हणाला, "चुकलं माहं. आता त्या दोघांले नाई लावत."

"कोण दोघं?"

"याच्याच संगचे. घरी हायेत."

"त्यांना खाज आहे?"

"नाई. पन होऊ नये म्हनून सकाळीच लावून देल्लं."

त्यानं घरी फोन लावला, तो मीच हिसकावून घेतला. त्याच्या बायकोला ओरडून सांगितलं, धुवा, आत्ता धुवा, कोमट पाण्यानं! पलीकडून तिचा आवाज आला, "एक तर उठूनच नाई राहिला, मॅडम. त्याले बी धुऊ का?"

एक वाचला.

आणि आमचे रामटेकेकाका. रेल्वेतून रिटायर झालेले, क्वार्टर सोडून आता कॅम्प नावाच्या वस्तीत लहानसं घर. बायको गेलेली, मुलगा-सून हैदराबादला. नातवानं सुट्टीत आणलेला गिनी पिग मागं राहिला, तो काकांचा झाला. खरूज अंगभर पसरल्यावर आणला. हाडं हाताला लागत होती.

"पोरगं हिंदीत बोलते, सून हिंदीत, नातू तर इंग्लिशमंदी," काका म्हणाले. "मराठीत आवाज देल्ला तर हाच एक उठून येते घरात."

मी वजन करून इंजेक्शन दिलं. सांगितलं, औषध किड्यांच्या अंड्यांवर चालत नाही, नंतर निघालेली पिल्लं मरायला पुन्हा डोस लागतो. बरा दिसला तरी तारीख चुकवायची नाही. काकांनी तारीख दोनदा विचारून घेतली.

त्या तारखेला काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात झाकण लावलेली टोपली. बाहेर गर्दी होती. "तुम्ही पुढं या" म्हटलं तरी आले नाहीत, नंबर लागेपर्यंत बसून राहिले. आत आल्यावर टोपली टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत घडी घातलेलं फडकं.

"काका, तो कुठं आहे?"

"गेला ना. मंगळवारी."

"मग तुम्ही आज..."

"तारीख होती आजची."

बाहेर कुत्री भुंकत होती. काका टोपलीवर हात ठेवून उभे होते, जायचं नाव घेत नव्हते. मी वजनकाटा सुरू केला. काकांनी टोपली उचलली आणि अगदी हळू, धक्का लागणार नाही अशी, काट्यावर ठेवली.