मोठ्या मुलांना घेऊन उत्तरेकडे

नॉर्वेला जायचं हे आम्ही एकाच संध्याकाळी ठरवलं. कोणत्या जहाजानं जायचं, यावर चार महिने घालवले. आणि मुलगी येणार की नाही, हे काही ठरेना.

देवळीत राहणाऱ्या माणसाला समुद्राचं वेड असण्याचं कारण नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे कालव्याचं, नाहीतर नळाला दिवसाआड येणारं. पण वर्धा जिल्ह्यातला मे महिना ज्यानं काढला आहे, त्याला उत्तर दिशेचं महत्त्व वेगळं पटवून द्यावं लागत नाही. बायको कृषी कार्यालयात, मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. मुलगी पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला, मुलगा बारावीत. जूनमध्ये दोघंही मोकळे होणार होते. त्यानंतर दोघं एकाच वेळी कधी मोकळे सापडतील, हे कोणी सांगावं? मला एवढंच हवं होतं की आम्ही चौघं आठ दिवस अशा ठिकाणी असावं, जिथून कोणाला 'मित्राकडे जाऊन येतो' म्हणून सटकता येणार नाही. या कामाला जहाजासारखी जागा नाही.

वर्ध्याला एका सभागृहात नागपूरच्या एका प्रवासी कंपनीनं माहितीचा कार्यक्रम ठेवला होता. तिथं आम्ही तिघं गेलो. कंपनीचा माणूस भर दुपारी ब्लेझर घालून उभा होता. सहलीला तो सहल म्हणत नव्हता, 'अनुभव' म्हणत होता. "आम्ही तिकिटं विकत नाही, आठवणी विकतो," असं त्यानं तीनदा सांगितलं. पडद्यावर एक जहाज आलं. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या, चढायची भिंत, नाट्यगृह, आणि मधोमध झाडं लावलेली बाजारपेठ. डोंगर आणि बर्फ मागे कुठेतरी होते, लग्नाच्या फोटोत लांबचे नातेवाईक उभे असतात तसे.

"मोठी मुलं असणाऱ्या कुटुंबांसाठी हे बेस्ट," तो म्हणाला. "टीन क्लब आहे. मुलं दिवसभर तिकडे. तुम्हाला दिसणारसुद्धा नाहीत."

"दिसत तर घरीही नाईत," बायको माझ्या कानात म्हणाली. "त्याच्यासाठी इतक्या दूर कायले जायचं?"

मग त्यानं आमच्या तोंडाकडे पाहून, न विचारताच, दिलासा दिला. "जेवणाची काळजी नको. शुद्ध शाकाहारी, जैन, सगळं मिळतं."

"भाऊ, मासे भेटते का तिथं?" बायकोनं विचारलं.

तो गडबडला. नॉर्वेत मासे मिळतात का, हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. "मिळत असतील," तो म्हणाला.

"मंग झालं. डाळभात खायले आम्ही कायले जाऊन राह्यलो तितक्या दूर?"

मुलानं फक्त नेट चालतं का ते विचारलं. कप्तानासोबतच्या जेवणाला कोट सक्तीचा आहे हे ऐकल्यावर मी ते जहाज मनातून खोडलं. ज्या माणसाची ओळख नाही त्याच्याकडे जेवायला आपण कोट घालून जात नाही.

कंपनीनं दिलेली माहितीपत्रकं पसरून घरी तुलना सुरू झाली. दुसरं एक जहाज फार महागडं आणि म्हाताऱ्यांचं निघालं. तिथं संध्याकाळी व्याख्यानं असत. मला ते आवडलं म्हणूनच दोघांनी ते नामंजूर केलं. तिसरं जहाज लहान होतं. खाड्यांमधून वर वर जायचं, वाटेतल्या गावांचं सामान उतरवायचं, दोनचार माणसं घ्यायची, पुढे निघायचं. घसरगुंडी नाही, कप्तान आपला एकटा जेवणार. आपल्या देवळी-पुलगाव बससारखंच, फक्त दोन्ही बाजूंना कापसाऐवजी डोंगरकडे. आणि जूनमध्ये तिथं सूर्य मावळत नाही. आम्ही तिघांनी हे जहाज धरलं.

मुलीला फोनवर सगळं कळवत होतो. ती "छान", "बघा", "तुम्ही ठरवा" एवढंच म्हणे. मी समजलो, काम फार असेल.

या चार महिन्यांत मी गावात एक वाक्य बोलत फिरत होतो. 'ही आमची शेवटची फॅमिली ट्रिप.' विहारात रविवारी वंदना झाल्यावर कोणी विचारलं की हे वाक्य. स्टाफरूममध्ये हे वाक्य. किराणा दुकानात हे वाक्य. त्यात थोडं दुःख होतं, थोडा मोठेपणा होता, आणि ऐकणारा जरा वेळ गप्प बसे. माझ्या वाक्यावर गप्प बसणारे लोक मला वर्गात फारसे भेटत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी आली. रात्री जेवताना म्हणाली, "तुम्ही तिघं जा. मले नाई यायचं."

"काऊन?" तिची आई म्हणाली.

"असंच."

आईनं दोनदा विचारलं, भावानं एकदा. "हिचा कोणी असन पुण्यात," असं म्हणून त्यानं पाठीत बुक्का खाल्ला. उत्तर कोणालाच मिळालं नाही. मला वाटलं, झालं. मुलं मोठी होतात म्हणतात ती अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या खोलीत आलो, तर ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात औषधांचा डबा उघडा. एकेक पाकीट उचलून त्यावरची बारीक अक्षरं वाचत होती.

"डोकं दुखते का?" मी विचारलं.

"ह्या कायच्या गोळ्या आहेत?"

"अ‍ॅसिडिटीच्या."

"अन ह्या?"

"तुझ्या आईच्या. कॅल्शियम."

"अन नागपूरले कायले गेलते मागच्या महिन्यात?"

"पेपर तपासायला."

"खरं सांगा बाबा."

"अगं, खरंच. मुख्य परीक्षेचे नाही, पुरवणी परीक्षेचे. तू झडती कसली घेऊन राह्यली?" घरात बोलताना माझी पुस्तकी मराठी फार वेळ टिकत नाही.

तिनं पाकिटं डब्यात टाकली. मग एका दमात बोलली. काल बसस्टँडवर उतरल्यापासून घरी येईपर्यंत तिला तिघं भेटले. किराणावाल्या काकांनी विचारलं, बाबाची तब्येत बरी आहे ना, शेवटचं फिरून घेतो म्हणत होते. टेलरकडची मावशी म्हणाली, "जमलं म्हणते तुझं? पोरगा कुठचा आहे वो?" कारण पोरीला घेऊन बापानं शेवटचं फिरणं म्हणजे दुसरं काय असणार? आणि तिच्या जुन्या मैत्रिणीच्या आईनं सांगितलं की तुझा बाप म्हणते, पोरगी आता कायची येते वापस.

"दोन महिन्यांपासून फोनवर पण तेच," ती म्हणाली. "शेवटची, शेवटची. मले वाटलं तुमाले काही झालं अन लपवून राह्यले. रात्रभर झोप नाई आली."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"घरातून निघताना 'जातो' म्हणू देत नाई तुम्ही. 'येतो' म्हण म्हणता. दारातून वापस बोलावता त्याच्यासाठी. अन साऱ्या देवळीले सांगत फिरता का आता ही नाई येत." तिनं एक पाकीट उचलून पुन्हा डब्यात आपटलं. "मले नाई यायचं माझ्याच सेंडॉफले."

तीस वर्षं मी निबंध तपासतो आहे. 'शेवटचा क्षण', 'अखेरचा निरोप' असलं काही दिसलं की लाल शाईनं खोडतो आणि समासात लिहितो, 'साधे लिहा'. त्या ब्लेझरवाल्याला मी हसलो होतो. तो बिचारा आठवणी विकत होता. मी तर मुलगी समोर असताना तिचीच आठवण काढत होतो, आणि वर त्याचं कौतुक करून घेत होतो.

"चुकलं," मी म्हणालो.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. गुडघा वाजला, तशी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"गुडघा. तो वाजतोच. त्याची गोळी नाही."

ती हसली नाही, पण डबा बंद करून बाजूला सरकवला. मी तिला सांगितलं की मला काहीही झालेलं नाही. मला भीती वाटत होती, तिला नोकरी लागेल, दूर कुठे लागेल, मग दोन दिवसांसाठी येईल आणि त्या दोन दिवसांत आम्ही तिला नुसतं खाऊ घालत बसू. ती भीती सरळ सांगता येईना, म्हणून ते मोठं वाक्य तयार केलं.

"हे फोनवर सांगायचं होतं," ती म्हणाली.

"फोनवर नाही जमत."

"मले जमते का?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

येते म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. दुपारी कंपनीला फोन करून तीन जणांचं करू की चौघांचं, हे सांगायचं होतं. जेवणं झाली तरी मी फोन हातात घेऊन नुसता ओसरीत बसलो होतो. बायको येऊन म्हणाली, "करा ना फोन."

"किती सांगू?"

तिनं खांदे उडवले.

तेवढ्यात आतून मुलाचा आवाज आला. "दे इकडं! मी आधी पाह्यलं!"

दोघांनी जहाजाचा नकाशा जमिनीवर पसरला होता. चौघांच्या खोलीत दोन पलंग खाली, दोन भिंतीतून उघडणारे, वर. वरच्यांपैकी एक गोल खिडकीच्या बाजूला, एक दाराच्या.

"खिडकीकडची जागा माझी," मुलगी म्हणत होती. "मी मोठी आहे."

"मोठी आहे तर खाली झोप ना बे, म्हाताऱ्यांजवळ!"

"तू घोरते. तू दाराकडं."

"मी घोरतो? आई, हे पाह्य काय म्हणते!"

"आई, याले सांग माझा हात सोड म्हणा!"

बावीस आणि सतरा. नकाशा टरकन फाटल्याचा आवाज आला. बायको आत जायला वळली.

मी तिला हातानं थांबवलं आणि नंबर लावला.

"चार," मी सांगितलं. "हो, एकाच खोलीत. नाही, मुलं मोठी आहेत." पलीकडचा माणूस आतल्या आरडाओरड्यामुळे पुन्हा वयं विचारत होता.