पुंजारामनं बांधलेली भिंत

भिंगारात कुणाला घर घ्यायचं असलं की आधी ते गनीभाईंना नेऊन दाखवायचं, अशी रीतच पडली होती. गनीभाई मूळचे गवंडी. वीस वर्षं थापी चालवून गुडघे गेले, तेव्हापासून ते घरं पाहून किंमत सांगू लागले. आधी घराला बाहेरून फेरी मारत, पायाशी ओल आहे का बघत, भिंत बोटांनी वाजवत, माळवदाच्या तुळईत चाकूचं टोक खुपसून वाळवी लागलीय का पाहत. मग शेजारणीला विचारत, "वैशाखात विहिरीला पाणी किती असतं?" एवढं झालं की एकच आकडा सांगत. त्यावर घेणारा घासाघीस करत नसे आणि विकणाराही.

१९४३ साली बनुबाईनं त्यांना बोलावलं. तिचा नवरा पुंजाराम हाही गवंडीच. गनीभाई आणि तो कितीतरी वर्षं एकाच परांचीवर उभे राहिलेले. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. एकटीला घर खायला उठायचं, म्हणून ते विकून काष्टीला लेकीकडे जायचं तिनं ठरवलं होतं.

घर पुंजारामनं स्वतःच्या हातानं बांधलेलं, अगदी रस्त्याच्या कडेला. विहिरीला बारमाही पाणी. आणि आठच दिवसांपूर्वी एका ठेकेदारानं गनीभाईंच्या कानावर घातलं होतं, की लढाईमुळं छावणीत कारकून वाढणार आणि त्यांना याच रस्त्याला भाड्याची घरं लागणार. दोन हजाराला ते घर कुणीही डोळे झाकून घेतलं असतं.

गनीभाईंनी मागची भिंत वाजवली. परत एकदा वाजवली. मग म्हणाले, "वहिनी, ही भिंत खचलीय. फार तर एक-दोन पावसाळे काढील. नऊशेच्या वर कुणी जायचं नाही."

बनुबाई भिंतीकडे बघत राहिली. "त्यांनी तर लई मन लावून बांधली हुती."

"होतं असं कधी कधी. घाईत पाया कमी पडला असेल."

तिनं होकारार्थी मान डोलावली. घर दिलावरच्या, म्हणजे गनीभाईंच्या मेहुण्याच्या नावावर झालं. पैसे गनीभाईंचेच. बायकोला, सकीनाला, त्यांनी एवढंच सांगितलं की सौदा स्वस्तात पडला.

कारकुनांसाठी दोन खोल्या वाढवायच्या म्हणून मागच्या भिंतीत दार पाडायला घेतलं. दोन गडी सकाळपासून घण घालत होते, दुपारपर्यंत जेमतेम हातभर खिंडार पडलं. "गनीभाई, हे कुणाचं काम वो?" एकानं घाम पुसत विचारलं. "दगूड दगडाला सोडत न्हाई." गनीभाईंना तिथं उभं राहवेना. पाणी प्यायच्या निमित्तानं ते विहिरीकडे गेले आणि गडी घरी जाईपर्यंत तिथंच बसून राहिले.

लढाई संपता संपता घर बत्तीसशेला गेलं. त्यानंतर गनीभाई त्या रस्त्यानं जायचं टाळू लागले. कुणी म्हणालं, "तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," की ते भलताच विषय काढत. एकदा एका घरात भिंत वाजवताना त्यांचा हात तसाच थांबला. घरमालक घाबरून म्हणाला, "काय झालं? खचलीय का?" गनीभाईंनी घाईघाईनं आकडा सांगितला आणि ते बाहेर पडले.

शेवटी एका बाजारच्या दिवशी ते काष्टीला गेले. नफ्याची सगळी रक्कम धोतराच्या फडक्यात बांधून घेतली होती. बनुबाईनं त्यांना ओळखलं, ओसरीवर घोंगडी टाकली, भाकरी वाढली.

"तुमी सांगितलं म्हून बरं झालं," ती म्हणाली. "न्हाईतर गाडलीच गेले असते. पर हितं जावयाची मानसं बोलून दावत्यात. म्हनत्यात, गवंड्याला सवताचं घर धड बांधता आलं न्हाई."

गनीभाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. "वहिनी, भिंत खचली नव्हती. मी खोटं बोललो. घर मीच घेतलं, दिलावर नावाला होता. वरचा पैसा आणलाय."

तिनं फडक्याकडे पाहिलंही नाही. "पैशाचं ऱ्हाऊ द्या. भिंतीचं परत सांगा."

त्यांनी सांगितलं. दोन गडी, घण, हातभर खिंडार. ती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिनं जावयाला, गोरक्षनाथला, हाक मारली; शेजारच्या दोघांना बोलावलं. "आता ह्यांच्याम्होरं बोला."

मान खाली घालून गनीभाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. गोरक्षनाथनं फडकं उचलून आत नेलं.

निघताना बनुबाई उंबऱ्याशी आली नाही. आतूनच म्हणाली, "भिंगारात बी सांगा, गनीभाई. त्यांना वळखनारी मानसं तिथं हायेत."

"सांगतो," ते म्हणाले.

भिंगारला आल्यावर त्यांनी घरं पाहायचं काम सोडलं. लोकांना वाटलं, गुडघ्यांमुळं. मशिदीच्या पायरीवर, चहाच्या दुकानात, पुंजारामच्या जुन्या सोबत्यांत ते कितीदा तरी सांगायच्या तयारीनं जाऊन बसले. पण तोंड उघडायच्या आत कुणीतरी त्यांना मानानं पुढं बसवून घ्यायचं, आणि ते दुसरंच काहीतरी बोलून उठायचे. पाचव्या वर्षी ते गेले. मयतीला सगळं भिंगार लोटलं होतं, आणि असा सच्चा माणूस पुन्हा होणे नाही, असंच जो तो म्हणत होता.