अर्विलाने मागितलेला वाटा

अर्विला स्टकीला कुत्री आवडत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज एल्मोर गावात कोणालाही विचारलंत तरी तो म्हणेल, ती जन्मापासून कुत्र्यांची कैवारी. साफ खोटं. तिच्या घरी कधी कुत्रं नव्हतं. नवऱ्याला, व्हर्लला, प्राण्यांच्या केसांनी शिंका यायच्या आणि तिला अंगणात उकरलेले खड्डे खपायचे नाहीत. मी एकोणीस वर्षं तिच्याबरोबर काम केलंय, मला माहीत आहे.

आमचा रेडबर्नचा कारखाना कुत्र्यांचं कोरडं खाणं बनवतो. वारा दक्षिणेचा असला की गावभर भाजलेल्या कोंबडीचा वास सुटतो आणि परगावचा माणूस हमखास विचारतो, "आज कोणाकडे जेवण आहे?" अर्विला सरकत्या पट्ट्याच्या टोकाला उभी राहून पोती तपासायची. शिवण वाकडी, छपाई फिकी, वजन दोन मुठी कमी, की पोतं बाजूला. बाजूला काढलेली पोती मी फोर्कलिफ्टवर उचलून मागच्या यार्डात न्यायचो. तिथलं यंत्र ती फोडायचं आणि सगळा माल कचराडेपोत जायचा. आम्हाला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. कामच ते.

एका मार्चमध्ये तिच्या शेजारणीचं बीगल पळालं. शेजारणीचा पाय प्लॅस्टरमध्ये, म्हणून ते शोधायला अर्विला गावाबाहेरच्या शेल्टरमध्ये गेली. जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत हरवलेल्या आणि टाकलेल्या कुत्र्यांची सोय केलेली होती. तिथली सगळी जबाबदारी नदीन ओचोआवर. अर्विला पोचली तेव्हा नदीन एका टबात सहा तऱ्हेच्या पाकिटांतलं खाणं एकत्र कालवत होती.

"हे काय गं असलं?" अर्विलाने विचारलं.

"लोक देतील ते. आज मासे, उद्या कोकरू. पोटं बिघडतात बिचाऱ्यांची. मग कोणी कुत्रं न्यायला आलं तरी वासानेच दारातून परत फिरतं."

"मग?"

"मग जागा संपते. आणि जागा संपली की उरलेल्यांना मरणाची सुई," नदीन म्हणाली आणि टब ढवळत राहिली.

अर्विला बीगल घेऊन परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोती उचलत होतो, तर ती फोर्कलिफ्टच्या समोर येऊन उभी.

"रॉयस, कुठे नेतोयस हे?"

"एकोणीस वर्षं जिथे नेतोय तिथेच."

"काय वाईट आहे यात?"

"तूच बाजूला काढलंस. तूच सांग की."

"शिवण वाकडी आहे," ती म्हणाली. "कुत्रं काय शिवण खातं?"

तिच्या माहेरी सगळे मेनोनाइट, म्हणजे साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी. शिवताना उरलेला वीतभर दोरासुद्धा पुन्हा रिळाला गुंडाळणारी माणसं. सव्वीस वर्षं ती चांगलं खाणं कचऱ्यात धाडत होती, हे त्या दिवशी तिला पहिल्यांदा दिसलं, आणि एकदा दिसल्यावर तिला स्वस्थता कुठली!

ती व्यवस्थापकाकडे गेली. कर्टिस ब्लेडसो तसा वाईट माणूस नव्हता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायला घाबरायचा.

"अर्विला, तो माल खाऊन एखादं कुत्रं आजारी पडलं तर नाव आपलं जाईल."

"आणि डेपोतले उंदीर आपल्या नावाने गुबगुबीत झालेत, त्याचं काय?"

तीन वेळा गेली. तिसऱ्या वेळी तो अगदी समजुतीने म्हणाला, "तुमच्या निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. शांतपणे काढा ना." ती लालबुंद होऊन बाहेर आली आणि पुन्हा पोती बाजूला काढू लागली. मला वाटलं, संपलं.

जूनमध्ये कॅन्सस सिटीहून मालकीणबाई आल्या. कॉन्स्टन्स रेडबर्न, कंपनी काढणाऱ्याची नात. वर्षातून एकदा येत, पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर चार शब्द बोलत आणि शेवटी विचारत, "कोणाला काही विचारायचंय?" दरवर्षी कोणीतरी गाड्या लावायच्या जागेचं रडगाणं गायचं आणि आम्ही जेवायला जायचो.

त्या वर्षी अर्विला पुढे आली. खांद्यावर चाळीस पौंडांचं पोतं, वय अठ्ठावन्न. तिने ते बाईंच्या पायाशी टाकलं, खिशातल्या सुरीने वाकडी शिवण उसवली, मूठभर दाणे काढले आणि तोंडात टाकले. हॉलमध्ये एवढी शांतता की तिच्या दाताखालचा कुडुमकुडुम आवाज मला मागच्या रांगेत ऐकू आला.

"मीठ थोडं कमी आहे," ती गिळून म्हणाली. "बाकी उत्तम. हे आपण रोज फेकतो."

कोणीतरी खुदकन हसलं. ब्लेडसोचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. बाई वाकल्या, चार दाणे उचलले आणि त्यांनीही चावून पाहिले.

"मीठ कमीच आहे," त्या म्हणाल्या. "कर्टिस, उद्यापासून ही पोती शेल्टरला. लागतील ते कागद तू कर."

टाळ्या पडल्या. दुसरी कोणी असती तर तिथेच पेढे वाटून मोकळी झाली असती. अर्विला हलली नाही.

"बाई, माझं अजून संपलं नाही. तुमचं गिऱ्हाईक कुठून येतं?"

"दुकानातून."

"चूक. शेल्टरमधून येतं. तिथून घरी गेलेलं कुत्रं पुढची बारा वर्षं खातं. जे पिंजऱ्यातच संपतं ते तुमचं एक पोतंही घेत नाही. घरी जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याबरोबर पहिलं पोतं तुम्ही द्या. ज्या खाण्यावर त्याचं पोट बसलं ते सोडून मालक दुसरं कशाला आणील? आणि मग विकलेल्या प्रत्येक पोत्यामागे एक क्वार्टर, पंचवीस सेंट, शेल्टरला."

"म्हणजे दान."

"दान नव्हे, वाटा! लोक कुत्र्याच्या वाढदिवसाला केक आणतात, त्याला रेनकोट शिवतात. त्यांना एक क्वार्टर जड नाही. आजवर कोणी मागितलेलं नाही, एवढंच."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही तपासणीत किती वर्षं आहात?"

"सव्वीस."

"तुम्हाला विक्रीत कसं नाही घेतलं कोणी?"

"कोणी विचारलंच नाही."

फक्त आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, फक्त एक वर्ष, असं ठरलं. शेल्टरचा वाटा असलेल्या पोत्यांवर निळा पट्टा छापला गेला आणि पहिले तीन महिने अगदी शुकशुकाट. चारा-बियाण्याच्या दुकानाचा मालक म्हणाला, त्या पट्ट्याने फळीची शोभा जाते. ब्लेडसो आकडे बघून मान हलवायचा. अर्विला दर शनिवारी व्हर्लच्या पिकअपमधून दुकानं पालथी घालायची. निळी पोती स्वतःच्या हाताने पुढे मांडायची आणि येईल त्याला अडवायची. "तुमचं कुत्रं सुखात आहे ना? मग हे घ्या." व्हर्ल गाडीत बसून रेडिओ ऐकायचा. "लग्नाआधी अशी नव्हती," तो मला म्हणाला, पण बोलताना त्याची छाती फुगली होती.

शेल्टरमध्ये मात्र रोज एकच खाणं जाऊ लागलं होतं. ऑगस्टपर्यंत कुत्र्यांची पोटं ताळ्यावर आली, अंगावर तुकतुकी चढली. लोक आत येऊन थांबू लागले. थांबले की एखाद्याच्या डोळ्यांत अडकायचे आणि कुत्रं, गळपट्टा, निळं पोतं असं सगळं घेऊनच निघायचे. महिन्याने तेच लोक दुकानात निळं पोतं मागायचे, आणि त्यांचे शेजारीही.

ऑक्टोबरअखेर, हॅलोविनच्या आठवड्यात, ब्लेडसो सरकत्या पट्ट्यापाशी आला.

"अर्विला, निळी पोती कमी पडताहेत. दुसरी पाळी लावावी लागेल." तो घुटमळला. "तुम्ही बरोबर होतात."

"काय म्हणालात? यंत्राच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"तुम्ही बरोबर होतात!" तो ओरडला.

नेमकं तेव्हाच कोणीतरी सरकता पट्टा थांबवला होता. शब्द हॉलभर घुमले आणि हातमोजे घातलेल्या पन्नास जणांच्या टाळ्या कडाडल्या. ब्लेडसोही हसला. हसण्यावाचून इलाज नव्हता. पुढच्या सोमवारी त्याने स्वतः शेल्टरमधून एक कुत्रं घरी आणलं, तिरक्या कानांचं, म्हातारं.

दुसऱ्या वर्षी नऊ काउंट्यांत निळा पट्टा गेला. ज्या गावात विक्री, त्याच गावच्या शेल्टरला वाटा. हे अर्विलाने बाईंशी फोनवर तासभर भांडून मान्य करून घेतलं होतं. आमच्या शेल्टरची फरशी थंडीत गरम राहू लागली. आठवड्यातून दोनदा डॉक्टर येऊ लागली, कुत्र्यांची नसबंदी तिथेच होऊ लागली, त्यामुळे खोक्यात घालून दाराशी सोडलेली पिल्लं जवळजवळ बंद झाली. नदीनला पहिल्यांदा पगारी मदतनीस मिळाली, लुएला नावाची. तिच्यामुळे नदीन त्या उन्हाळ्यात चार दिवस बहिणीकडे जाऊन आली.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी दुपारी कारखान्यात फोन आला. नदीन होती. "अर्विलाला पाठवा. आत्ताच्या आत्ता. नाही, काही वाईट नाही."

जेवणाच्या सुट्टीत माझ्या गाडीतून आम्ही दोघं गेलो. अर्विलाच्या डोक्यावर कारखान्याची केसांची जाळी तशीच. नदीन आणि लुएला दारातच उभ्या होत्या. नदीनने अर्विलाचा हात धरला आणि तिला आत नेलं. अठ्ठावीस पिंजरे, अठ्ठावीसही दारं उघडी. फरशी धुऊन लख्ख. बाहेर तारेवर वाळत घातलेल्या गोधड्या वाऱ्याने फडफडत होत्या.

"ऐक," नदीन म्हणाली.

अर्विलाने कान दिला. "काय ऐकू? काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच तर!" नदीनने उघड्या दारांकडे हात केला. "सकाळी शेवटचं कुत्रं घरी गेलं. ही इमारत घेतल्यापासून एकही दिवस असा गेला नव्हता गं."

अर्विला मधोमध उभी राहिली. डावीकडच्या ओळीवरून नजर फिरवली, मग उजवीकडच्या. मग तिने डोक्यावरची जाळी ओढून काढली, हवेत भिरकावली आणि अशी काही आरोळी ठोकली की पलीकडच्या शेतात चरणाऱ्या गाईंनी माना वर करून आमच्याकडे पाहिलं.