पप्पांचा कान आणि निम्म्या किमतीची सायकल

आमच्या पप्पांचा, म्हणजे भीमराव गायकवाडांचा, स्वस्त वस्तूवर राग आहे. मार्केट यार्डात कांद्याचा भाव उतरला की ते आधी गोणीच्या तळाशी हात घालतात. पिंपरीच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासणीत काढली. समोर आलेला माल खराबच आहे असं धरून चालायचं आणि चांगला निघाला तर नाइलाजाने पास करायचा, ही पद्धत. घरीही तीच. माझ्या नवऱ्याला पास व्हायला चार वर्षं लागली.

तपासायचे ते कानाने. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आतला एक छर्रा खरवडलेला असला तरी त्यांना कळायचं. साहेब लोक यंत्रं आणायचे आणि शेवटी पप्पांनाच विचारायचे.

गेल्या दोन वर्षांत मात्र त्यांना माणसांचाही संशय येऊ लागलाय. बातम्या देणारे पुटपुटतात, रिक्षावाले मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलतात, आई आणि मी स्वयंपाकघरात त्यांच्याविरुद्ध काहीतरी शिजवत असतो. त्यांना कमी ऐकू येतं हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. ते त्यांना सांगायची हिंमत दोघींतही नाही.

मी दर रविवारी येरवड्याहून खडकवासल्यापर्यंत जुन्या सायकलवर जाते. यंदा कात्रजचा घाटही चढायचा म्हणून रोड बाइक, म्हणजे पातळ चाकांची हलकी सायकल, घ्यायची ठरवली. कर्वेनगरच्या एका दुकानात गेल्या वर्षीचं मॉडेल निम्म्या किमतीत होतं. "निम्म्या किमतीत? कुठेतरी पाणी मुरतंय," पप्पा म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर रुमालात गुंडाळून माझ्याआधी तयार झाले.

दुकानदाराचं नाव आमोद. पप्पांनी थेट विचारलं, "सूट कशासाठी?"

"नवं मॉडेल आलंय, काका."

"ते बोर्डावर लिहिलंय. मी खरं कारण विचारतोय."

"पावसाळाभर ट्रायलला वापरलीय."

"जरा मोठ्याने. कारण सांगताना आवाज बसतो वाटतं तुमचा?"

आमोदने मोठ्याने सांगितलं. पप्पांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

पायडलच्या दांड्या जिच्यावर फिरतात, त्या मधल्या बेअरिंगला सायकलवाले बीबी म्हणतात. ती फ्रेमच्या पोटात असते, बाहेरून दिसत नाही, आणि आत पाणी शिरलं की खराब होते. कात्रजच्या चढावर जोर लावताना ती जाम झाली, तर मागचा ट्रक काही आपल्यासाठी थांबत नाही. पप्पांनी चेन उतरवायला लावली, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे टेकवलं, मूठ कानाला लावली आणि दांडी फिरवली.

कुर्र, कुर्र. मला तीन हातांवरून ऐकू आलं.

"शांत आहे," पप्पा म्हणाले. "पास."

मी आमोदकडे पाहिलं. तो गप्प. माल खपतोय म्हणून गप्प, की म्हाताऱ्या माणसाची लाज राखतोय, मला कळेना. सायकल गेली खड्ड्यात, पण पप्पांचा कान परक्यासमोर खोटा ठरायला नको होता. आणि तरी ही सायकल घेऊन घाट चढायचा होता तो मलाच. मला रडू यायला लागलं.

"पप्पा, मला आवाज आल्यासारखा वाटला."

पप्पांनी आधी आमोदकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याला महागातली खपवायचीय. तुम्ही दोघं आधीच फोनवर बोललात का?"

आता मी चिडले. त्यांचा हात धरला, पंजा फ्रेमवर दाबला आणि दांडी फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांनी हात काढून घेतला नाही.

"खरवडतंय," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुला ऐकू येतंय हे?"

"हो."

"किती लांबून?"

"इथून. तुम्ही पहिल्यांदा फिरवलीत तेव्हापासून."

त्यांनी आमोदकडे पाहिलं. "तुम्हालाही?"

"हो, काका," आमोद म्हणाला. खाली बघत, पण मोठ्याने.

पप्पा स्टुलावर बसले. आमोदने जुनी बेअरिंग काढली, नवी बसवली. एरवी त्याच्या प्रत्येक स्क्रूवर पप्पांचा डोळा राहिला असता. आज ते बाहेरच्या रस्त्याकडे बघत होते. काम झाल्यावर आमोदने त्यांना बोलावलं, तेव्हा उठून त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"मूठ नीट टेकव. घाई करू नकोस. दांडी सावकाश फिरव."

मी बराच वेळ ऐकलं. उगाच भीती वाटत होती. आत नुसती मऊ सरसर होती.

"पास," मी म्हणाले.

पप्पांनी फ्रेमला हात लावून पाहिलं नाही. "मग घे," म्हणाले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरायला लागले.