मार्थामावशींची दुसरी कॉफी

कंपनीच्या बसमध्ये पहाटे जी झोप लागते, ती धड झोप नसतेच. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून निघालं की खिडकीबाहेर उजाडत असतं, मागच्या सीटवर कुणाच्या तरी फोनमध्ये बारीक आवाजात तमिळ गाणं चाललेलं असतं, आणि स्वप्न कुठलं, रस्ता कुठला, काही उमगत नाही. अशाच गुंगीत त्या दिवशी अंकलचा फोन आला. अंकल म्हणजे आमचे घरमालक, मार्थामावशींचे यजमान. एरवी माझ्याशी मोडक्यातोडक्या का होईना, मराठीत बोलतात. त्या दिवशी त्यांना मराठी सापडली नसावी. "मार्था पोयिट्टा," एवढंच म्हणाले. मार्था गेली. मी "बरं अंकल" म्हटलं, फोन ठेवला आणि चक्क पुन्हा डोळे मिटले... घरी पोचेन तेव्हा मावशी दारात असतील, म्हणतील, "आलीस का गं बये? चल, कॉफी तयार हाय." गिंडी मागे पडलं तेव्हा कुठे मला रडू फुटलं. शेजारची मुलगी घाबरून पाणी देऊ लागली.

मद्रासमध्ये अड्यारला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले ती फक्त मराठी ऐकून. मी सांगलीची, त्या नगरकडच्या, पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती घराण्यातल्या. अंकल तरुणपणी नोकरीला नगरला होते, तिथल्या चर्चमध्ये जमलं आणि मावशी लग्न होऊन मद्रासला आल्या. उभा जन्म इथे गेला, तमिळ फर्डं बोलायच्या, भाजीवालीला नामोहरम करायच्या. पण देवाशी बोलायच्या ते नगरच्या मराठीत. "त्याला काय, सगळ्या भाषा येत्यात. मला रडायला एकच येती," म्हणायच्या.

पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात बसले तो दिवस आठवतो. रात्रपाळीहून आलेली, डोळ्यांत झोप. मावशींनी तीन टंबलरमध्ये फिल्टर कॉफी ओतली. एक मला, एक त्यांना, आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मला वाटलं, अंकलची असेल. पण अंकल आपली कॉफी घेऊन केव्हाच बाल्कनीत पेपर वाचत बसलेले. मावशींनी डोळे मिटले आणि त्या खुर्चीतल्या माणसाबद्दल बोलू लागल्या... कुणा सेल्वीचा गुडघा, तिचा जिना, तिच्या सुनेचा फटकळपणा. मी अर्धवट झोपेत ऐकत होते, आणि खरंच सांगते, मला त्या खुर्चीत पाय चोळत बसलेली एक बाई दिसायला लागली होती. "आमेन" झाल्यावर मावशींनी ती निवलेली कॉफी माझ्यापुढे सरकवली, "घे, टाकायची न्हाई." मी घरच्या सवयीने उजवा हात पुढे केला, टंबलर दोन्ही डोळ्यांना लावला आणि मग घोट घेतला. मावशी पोट धरून हसल्या. "अगं येडे, परसाद न्हाई तो! पाहुणीची कॉफी हाय. पाहुणी आली न्हाई, म्हनून आपन प्यायची."

याला ते लोक मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. दुसऱ्यासाठी देवाकडे मागायचं. चर्चमध्ये पाळक मोठ्या शब्दांत करतात. मावशींची पद्धत घरगुती. नव्याने मद्रासला आल्या तेव्हा भाषा येईना, सकाळी घर खायला उठायचं, म्हणून त्या नगरच्या एकेका माणसाला समोर बसवून त्याच्यासाठी कॉफी ओतायच्या. तीच सवय लागली. "नवरा-बायकोचं भांडान झालं की शेजारीन मधी पडती ना? तसं. मी देवाच्या न् मानसाच्या मधी पडते. मधी पडनाऱ्याला दोन्हीकडनं बोलनी बसत्यात, त्याची तयारी पायजे." आणि त्यांचा एक कडक नियम होता: कुणासाठी मागायचं असेल, तर आधी विचारायच्या, "साखर किती घेतो?" माझ्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, रजा मिळेना, मी जिन्यावर बसून रडत होते, तेव्हाही पहिला प्रश्न हाच. मी चिडले. म्हटलं, मावशी, साखरेचं काय घेऊन बसलात? तर म्हणाल्या, "ज्याची साखर ठावं न्हाई, त्याचं दुखनं काय कपाळ ठावं असनार? मोघम मागनं म्हंजे मागनं न्हाई." बाबांची बिनसाखरेची कॉफी त्यांनी तोंड वाकडं करत संपवली. बाबा बरे झाले. पण कारखान्यात आमच्या लाइनवर काम करणाऱ्या एका मुलीचं बाळ, ज्याच्यासाठी खुर्चीपुढे कितीतरी सकाळी वाटीभर दूध ठेवलं होतं, ते राहिलं नाही. मी तशी भांडकुदळच. तणतणत खाली गेले, "काय झालं तुमच्या मागण्याचं?" मावशींचेच डोळे सुजलेले. "मला काय इचारतीस? मी बी सकाळधरनं त्यालाच इचारतेय," म्हणाल्या.

शेवटची काही वर्षं मात्र ती कॉफी एकाच माणसाची होती. डॅनी, त्यांचा एकुलता एक मुलगा. गिंडीत अंकलचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, ते डॅनीने चालवायला नकार दिला. जेवताना शब्दाला शब्द वाढला, आणि अंकल म्हणाले, या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस. तो कोइमतूरला निघून गेला. आईला फोन करायचा. बापाने मात्र घरात त्याचं नाव उच्चारलं नाही. गंमत बघा, जगाच्या मध्ये पडणाऱ्या बाईला या दोघांच्या मध्ये जागा मिळेना! त्या रोज ओतायच्या, अंकल रोज आपला टंबलर उचलून बाल्कनीत जायचे.

मग मावशींनी अंथरूण धरलं. जायच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्या उशाशी बसले होते. खिडकीतून समुद्राकडचा वारा येत होता, पडदा आत-बाहेर होत होता, आणि मावशी मध्येच नगरमध्ये, मध्येच अड्यारमध्ये... एकदम भानावर येऊन म्हणाल्या, "मी गेल्यावर माझ्यासाठी मागू नगंस. गेलेली पोचल्याली असत्यात. डॅनीच्या वाटची कॉफी वतत जा." मी म्हटलं, मावशी, मला नाही येत प्रार्थना. मी आरतीतसुद्धा नुसती टाळ्या वाजवणारी! "भांडता येतं ना?" त्यांनी विचारलं. "मग येती."

डॅनी मातीला आला. अंकल कबरीच्या या बाजूला, तो त्या बाजूला. हुबेहूब बापासारखाच उंच, तशीच मान खाली. सगळे पांगले तरी तो फाटकापाशी रेंगाळला. कुणीतरी "ये" म्हणेल म्हणून थांबला असावा. अंकल त्याच्याकडे न बघता फाटकातून बाहेर पडले. तो तसाच स्टेशनवर गेला. फार राग आला मला त्या म्हाताऱ्याचा, अजून येतो.

याला आता काही आठवडे झाले. गेल्या रविवारी सकाळी मी खाली गेले. मावशी असताना होतं तसंच स्वयंपाकघर. फिल्टर पालथा, फडकं वाळत घातलेलं. मी कॉफी केली. अंकल नेहमीप्रमाणे आपला टंबलर घेऊन बाल्कनीत गेले. मी दुसरा भरला, खुर्चीपुढे ठेवला, डोळे मिटले... आणि पुढे काही सुचेना. कॉफीचा वास, बाहेर कावळे, आणि मी ठोंब्यासारखी बसलेली. शेवटी भांडायलाच सुरुवात केली. "हे बघ देवा, त्या माऊलीने इतकी वर्षं मागितलं, तुला ऐकू येत नाही का? त्या पोराला एवढंसं 'ये' म्हणायला काय जातंय या माणसाचं?" आवाज चढला असणार. डोळे उघडले तर अंकल दारात.

मला वाटलं, आता घर सोडावं लागणार. ते आत आले, फळीवरचा साखरेचा डबा काढला. समोरच्या टंबलरमध्ये एक चमचा घातला, थांबले, आणखी एक घातला, आणि सावकाश ढवळत राहिले. "डॅनीला जास्त पाहिजे," म्हणाले. "लहान होता तेव्हापासून."

मग रिकाम्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. हात जोडले.

"तू बोल. मार्थासारखं, मराठीत," ते म्हणाले. "मला तेवढं येत नाही... मी आमेन म्हणतो."